दादाला न दिलेला पासवर्ड

आमच्या सगळ्या घराण्याला ई-मेलचा पत्ता एकच होता, माझा. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. कॉम्प्युटर आधी माझ्याकडे आला, म्हणून देगलूरकडच्या आमच्या गावातला प्रत्येक अर्ज माझ्याच पत्त्यावरून जायचा: पीकविमा, जातीचा दाखला, पोरांचे प्रवेश. पासवर्ड कुलदैवताच्या नावाचा. तो घरात सगळ्यांना पाठ होता आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

याच पत्त्यावर माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी, लातूरहून मला लिहायची. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचं तिचं दुसरं वर्ष होतं. होस्टेलवर मोबाइल जमा करून घेत, लॅपटॉप अभ्यासापुरता ठेवू देत. बापाशी फोनवर फक्त मार्कांचं बोलणं व्हायचं, म्हणून मनातलं ती मला कळवायची. एकदा तिनं लिहिलं, झोप लागत नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि डॉक्टर व्हायचं नाही. 'घरी मीच सांगेन काका, थोडा वेळ द्या.' मी तिला शब्द दिला.

तोंडानं मी तो पाळला. पण दादा विम्याची पावती काढायला आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानं नेहमीसारखा माझा लॅपटॉप उघडला. मी परतलो तर त्याचा चहा तसाच पडला होता आणि तो लातूरच्या गाडीत बसून गेला होता. होस्टेलच्या फाटकाशी, चार पालकांसमोर, मोबाइलवर काढलेल्या त्या मेलच्या फोटोवरून त्यानं तिचीच वाक्यं तिला वाचून दाखवली.

रेक्टरबाईंच्या फोनवरून ती एवढंच म्हणाली, "काका, मी तुम्हाला लिहिलं होतं."

मग तिचे मेल थांबले. आता ती कोणालाच काही सांगत नव्हती आणि त्याची मला भीती वाटत होती. मनात दादाला दोष देऊन पाहिला, तो टिकला नाही. किल्ली घरभर मीच वाटली होती.

मेल कुलूपबंद करायची रीत मी शिकायला बसलो. त्यात दोन किल्ल्या असतात. एक कोणालाही द्यावी, तिनं कुलूप फक्त लागतं. उघडणारी दुसरी आपल्याच मशीनवर राहते, तीही एका गुप्त वाक्यामागे. सुरुवातीला मी ते वाक्यच विसरलो आणि सरावासाठी कुलूप लावलेल्या माझ्याच प्रश्नपत्रिका कायमच्या गमावून बसलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

रविवारी लातूरला जाऊन होस्टेलच्या बाकावर बसून तिच्या लॅपटॉपवर ते बसवलं. ती शेजारून पाहत होती. शेवटी म्हणाली, "विषयाच्या ओळीत काही लिहू नका. ती उघडीच राहते."

"बरं."

"पप्पांनी पासवर्ड मागितला तर? तुम्हाला त्यांना नाही म्हणता येतं?"

आजवर म्हटल्याचं मला आठवेना.

पुढच्या महिन्यात दादा आला आणि लॅपटॉपपुढे बसला.

"देवाचं नाव चालंना रे."

"बदललंय, दादा."

"सांग की मग."

"नाही सांगणार."

तो हसला. "मास्तर, या वयात काय लपवून राहिलास? बायकोला सांगू का तुझ्या?"

"तुझा विमा, सातबारा या फोल्डरात उघडे आहेत. तुला वेगळा ई-मेल काढून देतो. पोरीचं मात्र माझ्याकडंच राहील."

त्याचं हसू गेलं. "मी बाप हाय तिचा."

"मग तिला विचार. ती सांगेल तेवढं तुझं."

"अन् उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"तर ते कोणालाच उघडायचं नाही."

दादा न जेवता उठला. बायको दारापर्यंत आर्जवं करत गेली. त्याचा अबोला अजून सुटलेला नाही. तो मी सोसणार आहे, पण पासवर्ड देणार नाही.

नंतर एका दुपारी विषय नसलेला मेल आला. गुप्त वाक्य टाकून मी तो उघडला. मोठा होता. मी दोनदा वाचला आणि लगेच उत्तर लिहिलं.

हा मजकूरही आधी तिलाच कुलूप लावून पाठवला. तिनं दोन परिच्छेद काढायला सांगितले. ते काढले आहेत.