चौसाळकरीण नावाचं खातं

जावेच्या मुलीने माझ्या फोनवर व्हिडिओ टाकायचं खातं उघडून दिलं. ती बीडला कॉलेजात शिकते. तिने विचारलं, "काकू, नाव काय टाकू?"

मी तिलाच विचारलं, तुझं काय आहे? तिने लहानपणी सांभाळलेल्या कालवडीचं नाव लावलं आहे आणि पुढे काही आकडे. तिच्या स्वतःच्या नावाच्या पोरी तिथे आधीच भरल्या होत्या म्हणे. माझ्या धाकट्या दिराने 'रानातला राजा' असं नाव ठेवलं आहे. त्याला रानात पाठवायचं तर सकाळपासून हाका माराव्या लागतात.

"तुझंच नाव टाकते मग."

"नको."

माझं नाव लग्नात बदललं. आधीचं माहेरी राहिलं, नंतरचं रेशनकार्डावर आहे. हाक मारायला दोन्हींपैकी एकही कुणी वापरत नाही. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. माझं माहेर चौसाळा, म्हणून शिरूर कासारजवळच्या या गावात आले तेव्हापासून मी चौसाळकरीण. सासूबाई तशीच हाक मारायच्या, किराणा दुकानदारही तसंच म्हणतो. मी तेच टाकायला सांगितलं.

"लई जुनाट वाटतंय गं, काकू."

"वाटू दे."

व्हिडिओत मी गोधडी शिवते. फक्त हात दिसतात, मी बोलत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाया फडावरून बघतात आणि खाली लिहितात. कुणी विचारायचं, कोणती चौसाळकरीण, कुणाची लेक? चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं, पण अनोळखी माणसाला उत्तर द्यायची लाज वाटायची.

एक दिवस माहेरून भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ते गोधडीचं तुमचंच हाय का?"

"माझंच. का गं?"

"तिकडं परळीकडं त्या बिचारीचा फोन काढून घेतलाय, तुमच्यापायी."

ती म्हणजे माहेरच्या आमच्याच गल्लीतली मुलगी. शाळेत माझ्या मागे होती. परळी तालुक्यात दिली. तिथे तीही चौसाळकरीण, तीही गोधड्या शिवते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया गोधडीच्या चारी कोपऱ्यांना तांबडी चिंधी लावतात, तशी तीही लावते. कुणीतरी माझा व्हिडिओ तिच्या सासूला दाखवला. नाव सुनेचं, कोपरे सुनेचे, म्हणजे सूनच. चोरून जगाला हात दाखवते म्हणून घरात भांडण झालं.

"हात तरी ओळखू यायला नकोत का?" मी म्हणाले.

"वन्सं, सुनेचे हात कोण बघतंय!"

त्या पोरीने देवाची शपथ घेतली, तरी नवरा म्हणाला, नाव तुझं तर बाई दुसरी कशी? माहेरीच जाऊन बस. तिची पिशवी भरून दारात ठेवली होती.

पुतणी म्हणाली, खाली लिहून टाकू. भावजय म्हणाली, लिहिलेलं त्यांना पटायचं नाही, तिनंच कुणाकडून लिहून घेतलं म्हणतील. तोंडानं सांगा, आणि कुणाची बायको ते सांगा.

म्हणजे मालकांचं नाव घ्यावं लागणार होतं. त्यांना तर खात्याचंही माहीत नव्हतं. मी फोनवर भजनं ऐकते असं त्यांना वाटायचं. ते अंगणात फवारणीचा पंप धूत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पंप खाली ठेवला.

"तोंड दिसतंय का त्याच्यात?"

"न्हाई."

"मग माझं नाव कावून पाहिजे?"

"त्याबिगर कोणती चौसाळकरीण ते कसं कळंल?"

त्यांनी पंपाची नळी गुंडाळली. मग म्हणाले, "घे मग. पोरीचा संसार हाय." आणि उठून रस्त्यावर गेले. समोर बसले असते तर मला जमलं नसतं.

पुतणीने फोन धरला. नाव आलं की मी अडायचे. ती वैतागली. "काकू, लग्नातल्यावानी उखाणाच घे की!" मला हसू आलं आणि त्या हसण्यातच नाव निघून गेलं. पुढचं सोपं होतं. गोधडीवाली मी, शिरूरकडची. परळीकडच्या चौसाळकरणीचा याच्याशी काही संबंध नाही, तिला त्रास देऊ नका. भावजयीने ते तिकडे पाठवलं.

पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आक्का, मी बोलते. फोन दिला."

"काही म्हणाले का?"

"कोण म्हणतंय! फोन फळीवर ठिवला, बस. पिशवीतल्या साड्या माझ्या मीच काढल्या."

एवढ्यात सासूने तिच्या हातून फोन घेतला. "तूच का गं ती? आमच्या जिवाला घोर लावलास. असलं नाव ठिवायचं तर म्होरं गाव तरी लावावं माणसानं."

सुनेची पिशवी दारात कुणी ठेवली, हे ओठावर आलं होतं. पण ती पोर तिथेच उभी असणार.

"बरं, मावशी," मी म्हणाले.

त्याच दिवशी पुतणीला सांगून नावापुढे सासरचं गाव लावून घेतलं.

"एवढं लांब नाव कुणी ठिवतं का, काकू?"

"ठेव," मी म्हणाले.