‘हात मांगं घ्या’ म्हणणारे सर

“हात मांगं घ्या, बाई.”

सर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. माझी मुलगी सुजू शाळेच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावायला धडपडत होती आणि मी सवयीनं खाली वाकले होते. सर, तिथले मुख्याध्यापक, दारात उभे. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. त्या पट्ट्याला सात-आठ मिनिटं लागली. माझ्या हातांना नुसती खाज सुटली होती. पट्टा लागला तेव्हा सर म्हणाले, “झालं ना? मंग तुम्ही काऊन मधात येऊन राह्यल्या होत्या?”

मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका. दुसऱ्यांच्या पोरांना उठाबशा काढायला लावणारी बाई, आणि हा माणूस मलाच शिकवत होता. पहिल्या दिवशी मला त्यांचा असा काही राग आला म्हणता!

विशेष मुलांच्या शाळा तुम्हीही पाहिल्या असतील. दर्शनी भिंतीवर तीन रकाने रंगवलेले असतात: ध्येय, मूल्ये, विद्यार्थ्यांकडून अपेक्षा. एकदा रंगवून झालं की त्यापुढे सायकली लावतात. आमच्या तालुक्याच्या शाळेत मात्र सर नव्या पालकाला त्या भिंतीपुढे उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. ध्येय एका ओळीचं होतं, मूल स्वतःच्या पायावर उभे राहील. मूल्यांमध्ये पहिलंच होतं, मुलाशी खोटे बोलायचे नाही.

या दुसऱ्या गोष्टीचं त्यांना भारी वेड. म्हणायचे, या लेकरांना सगळं जग फसवतं. टोचणार नाही म्हणून दवाखान्यात नेतात, मामाकडे जाऊ म्हणून शाळेत आणून सोडतात. एकदा एक आजोबा नातवाला ‘चॉकलेट आणतो’ सांगून सटकत होते. सरांनी त्यांना फाटकातून परत बोलावलं आणि ‘मी घरी चाललो, पाच वाजता येतो’ असं नातवाला तोंडावर सांगायला लावलं. नातू रडला. आजोबा त्याहून जास्त रडले. सरांनी दोघांनाही पाणी दिलं.

अपेक्षांची त्यांची एक लांबलचक वही होती. जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्षाची एकच अपेक्षा लिहायची आणि शेवटी तिच्यापुढे ‘साध्य’ किंवा ‘बाकी’. “अपेक्षा एकच, पण पुरी,” हे दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. ‘बाकी’ लिहायला ते कधी लाजले नाहीत. सुजूची वेणी दोन वर्षं ‘बाकी’ होती, तिसऱ्या वर्षी ‘साध्य’ झाली. त्या दिवशी मी गावात पेढे वाटले. वेणीचे पेढे म्हणून लोक हसले, हसू दे.

सुजू सतरा वर्षांची झाली आणि आमच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्या गावाहून, उंद्रीहून, तालुक्याला तिला रोज माझ्या सासूबाई नऊच्या एसटीनं न्यायच्या. त्यांचे गुडघे गेले. माझी शाळा उलट्या दिशेला, साडेआठला घर सोडावं लागतं. सुजूच्या बाबांची नोकरी बाहेरगावी. संध्याकाळी कॉलेजच्या पोरी तिच्यासोबत त्याच गाडीनं परतायच्या, तेव्हा ती चिंता नव्हती. सकाळचं काय करायचं? नाव काढून घ्यावं लागेल असं सांगायला मी शाळेत गेले. सरांनी वही उघडली आणि माझ्यासमोर लिहिलं, ‘एकटी एसटीने शाळेत येईल.’

महिनाभर वर्गात खुर्च्यांची गाडी चालली. सर कंडक्टर. “पुढं सरका, पुढं सरका,” म्हणून ते असे ओरडायचे की एका पोराला खरंच उलटी झाली. गाडी थांबली की आधी विचारायचं, मग चढायचं, पास दाखवायचा, शाळेच्या थांब्यावर उतरायचं. सुजूला सगळं पाठ झालं. मला मात्र त्यांनी सक्त ताकीद दिली, स्टँडवर फिरकायचं नाही. आई दिसली की लेकरू परत लहान होतं म्हणे.

ती एकटी निघाली त्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर काय लिहिलं ते देवाला माहीत. पावणेदहाला सरांचा फोन आला.

“पोचली, बाई.”

तेवढंच बोलून ठेवला. मग रोज पावणेदहाला तोच फोन, तेच दोन शब्द. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा म्हणायला लागली, मॅडम, पोचली का? मी आनंदानं वेडी झाले होते. स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, दिसेल त्याला सांगत सुटले की माझी सुजू एकटी जाते. ‘मतिमंद’ म्हणून तुम्ही जिच्याकडे बोट दाखवत होतात ती एकटी एसटीनं जाते, असं तोंडावर ऐकवलं जावेला. वर्षअखेर वहीत ‘साध्य’ आलं आणि त्याचा मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. पुढच्या जूनमध्ये नवी अपेक्षा पोळ्यांची होती. गाडीचा विषय संपला होता.

दिवाळीनंतर सर सेवानिवृत्त झाले. शाळेनं निरोप समारंभ केला. पालकांतर्फे मी बोलले. मी म्हटलं, आम्ही आया मुलांचा हात सोडायला घाबरतो, सरांनी तो सोडायला शिकवला. बोलता बोलता रडू आलं, टाळ्या पडल्या. कुणीतरी सुजूला मंचावर आणून विचारलं, तू एकटी येते ना ग? तिनं सरांकडे बोट केलं आणि म्हणाली, “सर.” सगळे हसले. पोर गुरूचे आभार मानते आहे असंच आम्हाला वाटलं. सर शाल सावरत स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या आठवड्यात ते मुलाकडे पुण्याला गेले. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला शाळेतून फोन आला, सुजू आलीच नाही.

मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. सुजू स्टँडवर होती. बाकावर दप्तर मांडीत घेऊन बसलेली, अगदी शांत. दोन गाड्या तिच्यासमोरून गेल्या होत्या.

“सर नाही आले,” ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. सर कशाला येतील इथं, असं काहीतरी बोलले. तेव्हा चहाच्या टपरीवाले काका हातातलं फडकं खांद्यावर टाकून जवळ आले. “मॅडम, सर तं रोजच येत होते ना. तालुक्याहून आठच्या गाडीनं येऊन उतरत, माह्याकडे चहा घेत, अन् नऊच्या गाडीत तिच्या मांगं चढत. मले वाटलं आता तं तुम्हाले माहीत झालं असन.”

दीड वर्ष. पावसात छत्री घेऊन, थंडीत कानाला मफलर बांधून. कंडक्टरांना ठाऊक, टपरीवर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. बाईले सांगू नका, असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं होतं आणि अख्ख्या स्टँडनं ते पाळलं. संध्याकाळी मी मान वर करून त्याच स्टँडवरून जात होते तेव्हा ही माणसं मनात काय म्हणत असतील? लाज वाटली. लाजेपेक्षा संताप आला. माझी मुलगी एक दिवससुद्धा एकटी गेली नव्हती.

त्यांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, जणू वाटच पाहत होते. मी नमस्कार केला नाही.

“सर, तुम्ही रोज मागे असायचा?”

ते म्हणाले, “सुजूशी मी खोटं बोललो नाही, बाई. मी मांगं आहो हे तिले माहीत होतं.”

“आणि मला?”

“रोज ठरवत होतो, उद्या नाही जायचं. सकाळी उठलो की पाय घरात ठरत नव्हता.”

“निरोपाच्या दिवशी तरी सांगायचं. मी सगळ्यांसमोर बोलत होते.”

“तुम्ही लय खूश होत्या,” ते म्हणाले.

मी फोन कापला. त्यानंतर त्यांचे चार-पाच फोन आले, एकही घेतला नाही. माणूस वाईट नव्हता, हे मला कुणी समजावू नये. मला ते कळतं. पण ‘बाकी’ लिहिलं असतं तर मी काय त्यांना खाल्लं असतं? वेणीला दोन वर्षं थांबले होते, गाडीला पाच थांबले असते. त्यांनी माझ्यावर तेवढाही भरवसा ठेवला नाही, आणि मी मात्र सगळा त्यांच्यावर ठेवला.

मी दहा दिवसांची रजा काढली. रोज सुजूला घेऊन स्टँडवर जायची, लांब उभी राहायची. गाडी यायची, ती कंडक्टरला बरोबर विचारायची, दांड्याला हात लावायची आणि मागे वळून पाहायची. मागे कुणी नसलं की हात सोडायची. सर गेले, पुण्याला गेले, आता येणार नाहीत, हे मी तिला रोज सांगितलं. ती मान हलवायची आणि पुन्हा बाकावर जाऊन बसायची. नव्या मुख्याध्यापिकाही दोनदा येऊन गेल्या. नाव कमी करावं लागेल, असं त्या फार हळू आवाजात म्हणाल्या.

रजेचा शेवटचा दिवस होता. गाडी उभी, सुजूचा हात दांड्यावर, आतले लोक वैतागलेले. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, चढवता का निघू?” मी पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सुजू, सर पुढच्या थांब्यावर चढणार आहेत.”

ती चढली. पास दाखवला. खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर दप्तर ठेवलं. पावणेदहाला शाळेतून मला कळलं की ती पोचली.

तेव्हापासून ती रोज जाते, अगदी एकटी. कंडक्टर सांगतात, कितीही गर्दी असली तरी ती ते दप्तर उचलू देत नाही. संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता मला सांगते, “सर नाही चढले.”

“उद्या चढतील,” मी म्हणते.