आबांच्या ड्रिलला बॅटरी

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, सैन्यातून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. पलटणीत ते गाड्यांच्या वर्कशॉपला होते. त्यामुळे घरात काही बिघडलं आणि बाहेरचा माणूस बोलावला, की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. पुढे ते स्कूटरवरून घसरले, उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली आणि पेचकस फिरवायची ताकद गेली. तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना बिनवायरीचं ड्रिल मशीन आणून दिलं. बटण दाबलं की स्क्रू आत. मनगटाला काही काम नाही.

त्यानंतर आमच्या घराचा जो काही विकास झाला, तो बघायला लोकांनी तिकीट काढून यावं. छत्रीला हुक, पिशवीला हुक, बाथरूममध्ये तर एवढे हुक की टॉवेल नेमका कुठे अडकवलाय ते शोधावं लागायचं. देव्हाऱ्याशेजारीही एक हुक आहे. तो कशासाठी, हे मी विचारलेलं नाही. देवालाही कुणी विचारलं नसावं.

मशीन ठणठणीत होतं, पण बॅटरी कुरकुरायला लागली. याचं श्रेय घरातल्या दोन तज्ज्ञांना द्यायला हवं. आबांचं म्हणणं, बॅटरी कायम भरलेली पाहिजे. "ऐन येळंला धावाधाव नगं," असं म्हणून ते ती दिवसरात्र चार्जरवर ठेवत. तो चार्जरही पश्चिमेच्या खिडकीत, जिथे मी एप्रिलमध्ये पापड वाळवते. दुसरे तज्ज्ञ माझे यजमान. ते शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. तिथे ते माल तपासतात आणि घरी आल्यावर माणसं. त्यांच्या मते बॅटरी पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज केली की तिला वाईट सवय लागते. म्हणून दर रविवारी ते व्हरांड्यात एका हातात पेपर धरून दुसऱ्या हाताने ड्रिल हवेत फिरवत बसायचे, पार बंद पडेपर्यंत. म्हणजे आठवडाभर बाप तिला उन्हात खाऊ घालणार आणि रविवारी मुलगा उपाशी मारणार. एवढी निगा घेतल्यावर कुणीही आजारी पडेल.

शेवटी ती चार्जरवर हिरवा दिवा दाखवायची आणि अर्धा स्क्रू आत गेला की मान टाकायची.

मशीन जिथून घेतलं होतं तिथे आम्ही गेलो. दुकानदाराने बॅटरी हातात घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "हे मॉडेल बंद झालं. नवीन मशीन घ्या, बॅटरी त्यासोबत येतेच."

"आणि हे चांगलं चालणारं मशीन?" मी विचारलं.

"राहू द्या की घरात," तो म्हणाला. जणू मी पाहुण्याबद्दल बोलत होते.

यजमानांनी मग मोबाइलवर बॅटरी शोधली. आमच्या बॅटरीपेक्षा तिच्यावरचा क्षमतेचा आकडा तिप्पट आणि भाव निम्मा. मी म्हणाले, "अहो, असं कसं असेल?" ते म्हणाले, "मधले दलाल नसतात." बॅटरी आली ती पोह्याच्या पाकिटासारखी हलकी होती. मशीनमध्ये सरकली, पण खटका बसेना. क्वालिटी विभागाने कानस आणली आणि तिचा प्लॅस्टिकचा ओठ घासून काढला. बसली. आबांनी लगेच जिन्याखाली आणखी एक हुक लावला.

काही आठवडे गेले. एका दुपारी स्वयंपाकघरात गोडसर, डोकं धरणारा वास आला. चार्जरवरची बॅटरी फुगून टम्म झाली होती. यजमान म्हणाले, "थांबा, फोटो काढून तक्रार टाकतो." आबांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि शेजारच्या बांधकामावरून वाळूची बादली आणवली. लांब चिमट्याने बॅटरी अंगणात नेऊन वाळूत ठेवली. आम्हाला सगळ्यांना फाटकाबाहेर उभं केलं. "कुनीबी आत यायचं न्हाई." समोरच्या काकू विचारायला आल्या, काय झालं. यजमान म्हणाले, "काही नाही, टेस्टिंग चालू आहे."

त्या दिवसानंतर मशीन कपाटावर गेलं आणि आबा व्हरांड्यात. थोड्या दिवसांनी स्वयंपाकघरातल्या फळीचा ब्रॅकेट सैल झाला. मी आतल्या खोलीतून पाहत होते. त्यांनी डाव्या हाताने पेचकस लावला, स्क्रू निसटून ओट्याखाली गेला. वाकून काढला, परत लावला, परत पडला. मग तो खिशात टाकून ते म्हणाले, "नंतर बगू." आबांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले आणि मला ते अजिबात आवडले नाहीत. हुकांनी वैताग दिला होता हे खरं, पण या माणसाला नुसतं बसलेलं बघणं जास्त अवघड होतं.

त्यातच जतहून नणंदेचा फोन आला. तिच्या सासरी वस्तीवर नवीन दोन खोल्या बांधल्या होत्या. वीज अजून जुन्या घरापुरतीच होती. "आबा, तुमचं ते मशीन घिऊन या. खिडक्यांना जाळ्या बसवायच्यात. सुतार तालुक्याहून यायला तयार न्हाई."

"मशीन बिघाडलंय," आबा म्हणाले.

"मग तुमी नुसतं या."

"नुसतं येऊन काय करू?" आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

माझं माहेर सांगलीचं. पुढच्याच सुट्टीत मी पिशवीत ड्रिल, जुनी बॅटरी आणि चार्जर घालून एसटीत बसले. शेजारच्या बाईने पिशवीतून डोकावणारी मूठ पाहिली आणि कराडपर्यंत माझ्याशी फार अदबीने बोलली.

पेठेत हत्यारांचं एक जुनं दुकान आहे. मालक काउंटरवर शांत बसले होते. मी बॅटरी पुढे ठेवली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "जुनं मॉडेल दिसतंय, ताई."

"नवीन मशीन घ्या म्हणू नका," मी म्हणाले. "ते ऐकून आलेय."

ते हसले नाहीत, पण माळ्यावर चढले. धुळीने माखलेला एक खोका घेऊन उतरले. या वेळी मी यजमानांच्या पद्धतीने खरेदी करणार नव्हते. व्होल्टचा आकडा जुळवला, मागचा कोड अक्षर न् अक्षर जुळवला, दोन्ही बॅटऱ्या दोन हातांत घेऊन वजन पाहिलं. सारखं भरलं. मशीनमध्ये सरकवली तर खटका आपणहून वाजला, कानस न लावता.

"माळ्यावर किती वर्षं होती?" मी विचारलं.

"असेल की थोडी. खोका फोडलेला नाही, बघा."

"आत काय उरलंय ते खोक्यावरून कसं कळणार? चार्ज करून चालवून बघते."

"इथं?"

"मग काय घरी जाऊन येऊ?"

तास-दीड तास ती चार्ज होत होती आणि मी स्टुलावर बसून होते. मग त्यांनी नाइलाजाने एक जाड फळी दिली. मी स्क्रू घालत सुटले. गिऱ्हाइकं जमली. एकाने सल्ला दिला, दुसऱ्याने त्या सल्ल्यातली चूक दाखवली. फळी साळिंदरासारखी दिसायला लागली तरी मशीनचा आवाज बसला नाही, बॅटरीही फार तापली नाही. मालक म्हणाले, "आता पुरे, ताई. फळी माझी आहे."

घरी येऊन मी नियम सांगितले. हिरवा दिवा लागला की चार्जरवरून काढायची. खिडकीत ठेवायची नाही. काम करून गरम झाली असेल तर थंड होईपर्यंत चार्जिंग नाही. बरेच दिवस काम नसेल तर अर्धी भरून सावलीत ठेवायची. आणि रविवारी हवेत भोकं पाडणं बंद. यजमान म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या यावर चर्चा होऊ शकते." आबांनी बॅटरी हातात उलटीपालटी केली आणि विचारलं, "जतची गाडी कवा हाय?"

आम्ही त्यांना सोडायला गेलो. नणंदेचे सासरे आयुष्यभर मेंढरं घेऊन फिरलेले. त्यांनी मशीन सगळीकडून बघितलं. "आवं, ह्याची वायर कुटं ऱ्हायली?"

"वायर न्हाई ह्याला."

"मग फिरतंय कशावर?"

"आमच्या सुनंच्या धाकावर," आबा म्हणाले, आणि पहिली जाळी बसवली. व्याही शिडी धरून उभे. संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्यांच्या जाळ्या झाल्या. बॅटरी एकदा उतरली, तेव्हा आबांनी ती आधी सावलीत माठाजवळ ठेवली आणि मगच जुन्या घरात चार्जिंगला लावली. मी बघत होते हे त्यांना माहीत होतं.

आम्ही निघालो, ते राहिले. नणंदेचे फोन येत राहिले. शेजारच्या वस्तीवरचं दार झालं, कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीचं झाकण झालं, मेंढरांच्या वाड्याचं फाटक झालं. तिच्या नव्या स्वयंपाकघरात हुकांची संख्या वाढतेय, असंही ती म्हणाली, जरा काळजीच्या सुरात. यजमान कारखान्यात सगळ्यांना सांगत होते की बॅटरी निवडताना कोड बघावा लागतो.

महिन्याने आबा परत आले. व्याह्यांनी दिलेली घोंगडी खांद्यावर होती, चेहरा उन्हाने रापला होता. जेवताना मनगट दुखत असावं, कारण वाटी डाव्या हाताने उचलत होते. मी गरम पाण्याची पिशवी आणून शेजारी ठेवली. त्यांनी ती मनगटावर घेतली आणि म्हणाले, "तिकडं आजून एका शाळंच्या बाकांचं बगायचंय. म्होरल्या म्हैन्यात जाईन म्हंतो."