चिंचेने घासलेला दिवा

पितळ काळवंडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. आईचंच खूळ. चंद्रपूरला कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढले मी. बाबा पाळीवरून आले की त्यांच्या कपड्यांना वेगळी बादली, त्यांचा डबा वेगळा, आणि आई चिंच-मीठ घेऊन घासत बसायची. "काळं खाणीतच राहू दे, माझ्या घरात नको!" बाबा गेले, त्यालाही वर्षं झाली. मी अमेरिकेत बसून सॉफ्टवेअर लिहिते, पण चिंच अजून फ्रीजमध्ये असतेच.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. शेजारच्या आजींचे आजोबा वेल्समधल्या एका खोऱ्यातून इथे खाणीत कामाला आले. येताना सोबत खाणीतला पितळी दिवा तेवढा आणला. मी खाणीवाल्याची मुलगी, हे कळल्यापासून आजींचा माझ्यावर भारी जीव. वेल्समधली ती खाणही केव्हाच बंद झाली, डोंगरावर आता नुसतं गवत आहे, असं त्यांच्या चुलतबहिणीनं कळवलं होतं. मग ती बहीणही गेली.

वेल्सहून आलेल्या त्या लोकांनी इथे आपलं एक लहानसं चर्च बांधलं होतं. त्यात चार आवाजांत गायचं, म्हणजे बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन वेगळे सूर एकाच वेळी, आणि प्रत्येक आवाजाची बाकं ठरलेली. गेल्या वर्षी चारही आवाज मिळून सात माणसं उरली आणि चर्च बंद करायचं ठरलं. आजी तेव्हाच वृद्धाश्रमात जायची आवराआवर करत होत्या. खोक्यांच्या पसाऱ्यात दिवा हरवेल, या भीतीनं त्यांनी तो माझ्या हातात दिला. "शेवटच्या रविवारी घेऊन ये. चर्चमधल्या टेबलावर ठेवायचाय."

आता एवढं मानाचं काम, आणि दिवा हा असा काळाकुट्ट! शनिवारी दुपारी मी तो पूर्ण खोलला. आतली जाळी साबणाच्या पाण्यात बुडवली, पितळ चिंचेनं तासभर घासलं. सिंकमधून काळं पाणी वाहून गेलं तेव्हा काय समाधान वाटलं मला! मेलं माझं शहाणपण.

रविवारी चर्चमध्ये दिवा आजींच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं त्याचं बूड फिरवून सैल केलं, दिवा नाकाशी नेला आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिला. मग म्हणाल्या, "किती चमकतोय गं." त्यांच्या आवाजाच्या बाकावर त्या एकट्याच उरल्या होत्या. गाणं सुरू झालं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. शेवटचं गाणं तीनच आवाजांत झालं.

घरी परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. आजोबांच्या वेल्समधल्या शेवटच्या पाळीची काजळी होती ती. घरात कुणी दिवा पुसायचा नाही, असा दंडकच होता. दर रविवारी प्रार्थनेला निघताना त्याचा वास घ्यायचा. "मी ते खोरं कधी पाहिलं नाही. माझ्याकडे तेवढा वास होता."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी हुंदके देऊन रडले, आणि माझी समजूत त्याच काढत होत्या.

आता मी दर रविवारी वृद्धाश्रमात जाते. दिवा त्यांच्या खिडकीत असतो, अजून लखलखीत. मी माफीचा विषय काढला की त्या हातानंच गप्प करतात. गेल्या रविवारी म्हणाल्या, "ते जाऊ दे. तुझे बाबा खाणीतून यायचे, तेव्हा त्यांच्या अंगाला वास यायचा ना? तो कसा होता, सांग. अगदी तसाच असणार."

मी डोळे मिटले. मोरीतली बादली आठवली, साबण आठवला, आईचे लाल झालेले हात आठवले. बाबांना आठवायला गेले, तर चिंचेचाच वास आला.