भीमराज कंपाउंडरचा रिकामा बाक

पिंपरीच्या कामगार चाळीत भीमराज कंपाउंडर बोलायचा फक्त स्टोव्हशी, आणि तोही भडकला तरच उत्तर द्यायचा. बायको वारून सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेजारच्या गिरजाबाईंनी तीन स्थळं आणली; पठ्ठ्या म्हणे प्रत्येकीची पापणी ओढून अंगात रक्त किती तेच बघत बसला. चाळीचं बोलणं, खरंखोटं चाळच जाणे.

त्याची खरी बैठक कारखान्याच्या दवाखान्यात. ग्राइंडिंगवाल्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की गडी बाकावर येऊन बसायचा. भीमराज त्याची हनुवटी धरायचा, पापणी उलटायचा, ओल्या कापसाने कण टिपायचा. "हलू नका, बोलत राहा," म्हणायचा. गडी बोलायचा! सासऱ्याचं भांडण, बायकोचं पत्र, सगळं. दिवसाला सात-आठ माणसं. भीमराजचं गप्पांचं पोट त्यावरच भरायचं.

१९७४ साली मॅनेजर उद्धवरावांनी बोलावलं. "अहो, पुण्याच्या इस्पितळाची निम्मी बिलं डोळ्यांची! चष्मे दिलेत, तरी हा खर्च?"

"बघतो, साहेब."

बघायचं काय? त्याला ठाऊक होतं. चष्मे सगळ्यांच्या गळ्यात लटकत. ग्राइंडिंगवरच्या सोनबानं कधीच सांगितलं होतं, "घामानं काचंवर वाफ धरती, कंपाउंडर. दिसतच न्हाई. डोळा वाचवू का बोटं?" उपायही ठाऊक होता: काचेला आतून कोरडा साबण घासायचा, फडक्याने पुसायचा. वाफ धरत नाही. पण ते सांगितलं, तर बाकावर येणार कोण? पंधरा दिवस भीमराज गप्प बसला.

सोळाव्या दिवशी सोनबाच आला. कण बुबुळात रुतलेला, कापसाला दाद देईना. पुण्याला नेला. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा ठिपका कायमचा राहिला.

दुसऱ्या दिवशी भीमराज साबणाची वडी घेऊन मशिनींमध्ये उभा. "आणा चष्मे इकडे!"

"आता कंपाउंडर आंघोळ घालणार!" पोरं खिदळली. पण काचा स्वच्छ राहिल्या, चष्मे डोळ्यांवर चढले. दोन महिन्यांत बिलं निम्म्यावर आली. उद्धवरावांनी पाठ थोपटली.

बाक रिकामा पडला. दारावरून जाताना सोनबा ओरडला, "काय कंपाउंडर, धंदा बसला की राव!"

"घरची काय खबर, सोनबा?"

"बरी हाय!" न थांबताच म्हणाला. पूर्वी याच खबरीला दहा मिनिटं लागायची.

शेवटी भीमराज कडी घालून चहाच्या टपरीवर गेला. सोनबानं सरकून जागा दिली, चहाही पाजला. गप्पा नव्या फोरमनच्या चालल्या होत्या. चालत्या गप्पांत कसं शिरायचं, हे भीमराजला कधी शिकावंच लागलं नव्हतं. कप ठेवून तो उठला. कुणी थांबवलं नाही, कारण तो उठल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं.