मेंदूला शिट्टी नसते

वाचनाच्या क्लासात काम केलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ट्रेमधल्या वाळूसारखे पदराला चिकटून घरी येतात! अंबरनाथ पूर्वेला दर शनिवारी आमचा क्लास भरतो, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा. मुलं हुशार, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ डोक्यात पटकन बसत नाही. मॅडम शिकवतात. मी त्यांची मदतनीस, सगळ्यांची मावशी. मुलांकडून ट्रेमधल्या वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घेते.

*

पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "नीट शिकवलं की वाचताना मेंदूचं कामच बदलतं. स्कॅनमध्ये दिसलंय तसं."

उल्हासनगरच्या एका आई, त्यांचं ब्यूटी पार्लर आहे, लगेच उठल्या. "तो फिर पहले का और बाद का फोटो दो ना, मॅडम! हम तो फेशियल में भी देते हैं!"

सगळे हसले. चामटोलीच्या नऊ वर्षांच्या मनूचे बाबा मात्र हसले नाहीत. "फोटो राहू दे. दिवाळीपर्यंत बघतो. पोरगी वाचायला लागली तर ठीक, नाहीतर क्लासातून नाव काढतो."

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

*

मनूला घरी मोठ्याने सराव करायला सांगितला होता. पुढच्या शनिवारी तिची आजीच तक्रार घेऊन आली.

"बाय, दुसरं अक्षर द्या हिला! ही ओट्यावर बसून त, ता, ति, ती करते, नि दाणे टाकायला बोलावलं समजून आळीतल्या सगळ्या कोंबड्या दारात येतात!"

*

एकदा वाळूत 'कि' काढताना मनू थांबली.

"मावशी, वेलांटी आधी काढायची?"

"हो."

"आणि बोलायची नंतर?"

"हो गं."

"मग उलटं मी वाचते, की तुम्ही लिहिता?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी घाईघाईने फळा पुसायला घेतला!

*

दिवाळी जवळ आली, तशी मला चैन पडेना. बिस्किटाचा पुडा दिसला, "मनू, हे वाच." औषधाच्या दुकानाची पाटी दिसली, "मनू, ते वाच." पोरगी मला बघून लपायला लागली.

शेवटी मॅडम चिडल्या. "मावशी, मेंदूत नवी जोडणी व्हायला वेळ लागतो. डाळ शिजत घातली की दर मिनिटाला झाकण काढतात का?"

"नाही मॅडम, पण कुकरची शिट्टी तरी होते!"

*

दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार. मनूचे बाबा अर्धा तास आधीच हजर. चप्पलही काढली नाही. दारातच उभं राहून मोबाइलवर बायकोला मेसेज टाइप करत होते. मी म्हटलं, "दादा, बसा तरी." त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मनू दप्तर घेऊन त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हळूच मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं आणि अक्षरांखालून सरकवायला लागली.

"पो... री... ला... पोरीला. वा... च... वाच... वाचता. येत. ना... ही... नाही."

बाबांचा अंगठा तिथेच थांबला.

मनूने वर बघितलं. "बरोबर वाचलं, बाबा?"