दोघांच्या ओळखीचा

मास्तर शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते आणि शिकायलाही जेमतेमच गेले होते. हे नाव त्यांना बोटीवर चिकटलं. समुद्राच्या तळाशी बुडी मारायला येणाऱ्यांनी एकट्याने खाली जायचं नाही, जोडीनेच जायचं, हा त्या धंद्यातला पहिला नियम. पण सगळेच काही जोडीदार घेऊन येत नाहीत. कुणी सुट्टीवर आलेला असतो, कुणाची बायको पाण्याला घाबरते, कुणाचं आयुष्यातच कुणाशी पटत नसतं. अशा एकट्यांना दुसऱ्या एकट्यांशी जोडून द्यायचं काम मास्तरांनी एकोणीस वर्षं केलं.

जोडून द्यायचं म्हणजे नुसतं बोट दाखवायचं नाही. ते दोघांना बाकावर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसवायचे आणि झडती घ्यायचे. शेवटची बुडी कधी मारलीस? हवा लवकर संपवतोस का? भीती कशाची वाटते? खरं सांग, इथे लाजलास तर खाली रडशील. मग एकमेकांच्या सामानाला हात लावायचा. स्वतःची हवा संपली तर जोडीदाराच्या टाकीतून श्वास घ्यायला पिवळी जादा नळी असते, ती त्याच्या अंगावर कुठे अडकवलेली आहे ते डोळे मिटून शोधायचं. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते बघायचं, आणि नुसतं बघून भागत नाही, हवेच्या काट्यावर नजर ठेवून तीन मोठे श्वास घ्यायचे. काटा श्वासागणिक खाली पडून परत वर आला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. अर्धवट व्हॉल्व्ह मोठा लबाड असतो. वर बोटीवर तो पुरेशी हवा देतो. खाली, खोलवर, जिथे प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, तिथे तो हात वर करतो.

दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाइकं वैतागायची. "मास्तर, लग्न लावताय का आमचं?" असं दर दिवसाआड कुणीतरी म्हणायचंच. मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं, "लग्नात जोडीदार नालायक निघाला तरी श्वास घेता येतो."

एवढा कडक माणूस. आणि ही तपासणी त्यांनी एकदाच चुकवली, ती स्वतःच्या धाकट्या भावाच्या बाबतीत.

त्याला आता अकरा वर्षं झाली. भाऊ उशिरा आला होता, नेहमीसारखा. वारा वाढत होता, इंजिन सुरू होतं, बोटीवरचे लोक घड्याळं बघत होते. जोडीदार म्हणून मास्तरांनी त्याला एक व्यायामशिक्षक दिला. हा शिक्षक मास्तरांच्याच हाताखाली बुडी शिकलेला, आणि भाऊ तर काय, अंगाखांद्यावर वाढवलेला. एकाचा श्वास कसा चालतो आणि दुसरा कुठे घाबरतो, मास्तरांना सगळं तोंडपाठ. "दोघंही माझेच आहेत," ते बोटवाल्याला म्हणाले, "चल, सोड दोर." ओळख मास्तरांची होती. त्या दोघांनी एकमेकांना पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलं होतं, हे त्या घाईत त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पाण्यात उडी मारायच्या आधी शिक्षकाने भावाच्या पाठीमागे हात घालून व्हॉल्व्ह फिरवला. चांगुलपणा केला बिचाऱ्याने. सुरू आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं. उघडाच असलेला व्हॉल्व्ह त्याने उलट्या बाजूला फिरवत नेऊन बंद केला, आणि मग, पूर्ण उघडला असं समजून, सवयीप्रमाणे अर्धा फेरा मागे घेतला. खाली गेल्यावर भावाची हवा तुटायला लागली. त्याने जोडीदाराच्या छातीवर पिवळी नळी शोधली. शिक्षकाने ती लोंबकळू नये म्हणून कमरेच्या खिशात कोंबली होती. भाऊ ती चाचपत राहिला आणि मग श्वास कोंडून सरळ वर सुटला. वर येताना कोंडलेली हवा फुगत जाते; पाण्याबाहेर येईपर्यंत त्याची फुप्फुसं फाटली होती.

टाकी धक्क्यावर आणल्यावर मास्तरांनी स्वतः व्हॉल्व्हला हात लावला. अर्धा फेरा. शिक्षकाने आपण तो फिरवल्याचं सांगितलं, आणि काय झालं ते त्यांना तिथेच कळलं. संध्याकाळी चौकशीचा कागद समोर आला, त्यात एक ओळ होती: जोडीदारांची परस्पर तपासणी झाली होती काय? मास्तरांनी लिहिलं, होय. खाली सही केली. शिक्षकही गप्प बसला, कारण त्या एका शब्दाने तोही सुटत होता. चौकशीवाल्यांनी सरळ हिशोब केला. तपासणी झाली होती, तरी व्हॉल्व्ह अर्धवट होता, म्हणजे नंतर मृतानेच त्याच्याशी चाळा केला असणार. निष्कर्ष, मृताचा निष्काळजीपणा. मेलेला माणूस काही उठून तक्रार करणार नव्हता.

त्यानंतर मास्तर बोटीवर चढले नाहीत. कान गेला असं सांगून त्यांनी टाक्या भरायच्या खोलीत काम मागून घेतलं. कॉम्प्रेसरच्या आवाजात तिथे कुणाला बोलता येत नाही, हेच त्यांना बरं वाटायचं. पाण्याच्या हौदात टाक्या गार व्हायला उभ्या करायच्या, भरलेल्यांवर खडूने रेघ मारायची, ओले रबरी सूट खुंटीवर पालथे घालायचे. लोकांना वाटायचं, भावाच्या दुःखाने माणूस खचला. दुःख होतंच, खोटं कशाला बोला. पण नुसत्या दुःखाने माणूस असा अकरा वर्षं नजर चुकवत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे भावजय त्यांना देव मानायची. दर रविवारी ते तिच्याकडे जेवायला जायचे. पुतणीचा अभ्यास घेतला, सायकल शिकवली, तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी दिवसभर रांगेत उभे राहिले. आणि दर रविवारी कधी ना कधी भावजय ताटात वाढता वाढता म्हणायची, "तुमच्या भावाने जन्मात कुणाचं ऐकलं? तुम्ही एवढं समोर बसवून तपासलंत, तरी स्वतःचं शहाणपण चालवायला गेले! पोरीचा तरी विचार करायचा." मास्तर मान खाली घालून जेवायचे. अकरा वर्षांत त्यांनी एकही घास टाकला नाही, याचा मला राग येतो.

परवा सकाळी ते खांद्यावर एक जादा टाकी घेऊन बोटीवर चढले. पोहोचवायची आणि उतरायचं, एवढंच काम. तर बाकावरून आवाज आला, "काका!"

पुतणी होती. रबरी सूट चढवलेली, पाठीवर टाकी, केस घट्ट बांधलेले, तोंडभर हसत. पंचविशीची पोर, भुवया हुबेहूब बापाच्या.

"तू? इथे?"

"दोन वर्षं झाली शिकून. गुपचूप! आईला बोलू नका हं, ती मला सोलून काढेल. बाबा गेले ती जागा एकदा बघायची होती. आणि टाकी तुमच्याच हातची हवी होती."

मास्तरांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो जुन्या सवयीचा. "जोडीदार कोण?"

"हे काय, हे." शेजारी एक दाढीवाला कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. "आत्ताच ओळख झाली. कागदावर सह्या पण केल्या."

"सह्या कसल्या! समोरासमोर बसा. दहा मिनिटं लागतील."

पुतणी हसली. त्या हसण्यात थट्टा नव्हती, तीच तर पंचाईत होती. "काका, राहू दे ना. बाबांची तपासणी तुम्ही स्वतः केलीत. तुमच्यापेक्षा कडक कोण करणार? तरी व्हायचं ते झालंच. ज्याची वेळ आली तो जातो. मी तर तपासणीच्या भानगडीतच पडत नाही."

"कधीच नाही?"

"वेळ आली नाही तोवर कशाला?"

"निदान व्हॉल्व्ह..."

"तो बघितला ह्यांनी मगाशी," ती दाढीवाल्याकडे मान करून म्हणाली. "हात घालून फिरवला."

मास्तरांनी खांद्यावरची टाकी खाली ठेवली. त्यांनी तिच्या पाठीमागे जाऊन व्हॉल्व्हवर हात ठेवला. पूर्ण उघडा होता. काही बिघडलेलं नव्हतं. आता उतरून खोलीत जावं, कॉम्प्रेसर सुरू करावा, रविवारी जेवायला जावं. सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्यांच्या मनात ते आलं. आलं नसतं तर ते मास्तर कसले? पण आजचा व्हॉल्व्ह त्यांनी बघितला होता, उद्याचा कोण बघणार? दुसऱ्या कुठल्या बोटीवर, दुसऱ्या कुठल्या चांगल्या माणसाने असाच हात घातला, तर ही पोर हसत खाली जाईल. तपासणीला अर्थ नसतो हे तिला कुणी शिकवलं? त्या कागदावरच्या एका शब्दाने शिकवलं. अक्षर मास्तरांचं होतं.

"मी तपासणी केली नव्हती," ते म्हणाले.

इंजिन सुरू होतं. "काय?" पुतणी ओरडली.

"तुझ्या बाबांची तपासणी मी केली नव्हती! खोटं लिहिलं मी!"

एवढ्या मोठ्याने बोलायची त्यांना सवय राहिली नव्हती. सगळी बोट ऐकत होती. बोटवाल्याने इंजिन बंद केलं.

"मग व्हॉल्व्ह?" तिने विचारलं.

"जोडीदाराने उलटा फिरवला. तुझ्या बाबांनी हातसुद्धा लावला नव्हता."

"आई त्यांना शिव्या घालते. अकरा वर्षं."

"माहीत आहे."

"तुम्ही समोर बसून जेवता."

"हो."

धंद्याची मालकीणबाई धक्क्यावरून हाका मारायला लागली, बोट का थांबली, मास्तर खाली उतरा, वेळ काय झाली आहे. पुतणीने तिकडे बघितलंही नाही. ती बाकावर वळली आणि दाढीवाल्याला म्हणाली, "कॅमेरा ठेवा. समोर बसा." मग मास्तरांकडे न बघता, "सांगा. आधी काय?"

मास्तरांनी सांगितलं. अकरा वर्षांनंतरही क्रम चुकला नाही. शेवटची बुडी कधी? दाढीवाला म्हणाला, दोन वर्षांपूर्वी. कागदावर त्याने दोन महिने लिहिलं होतं. भीती कशाची? जरा चुळबुळ करून त्याने कबूल केलं, पाण्याखालच्या चष्म्यात पाणी शिरलं की गांगरतो. पिवळी नळी? पुतणीने डोळे मिटून हात फिरवला, छातीवर, बगलेत, पुन्हा छातीवर. नळी कॅमेऱ्याच्या पट्ट्याखाली दाबली गेली होती. ती तिने उपसून त्याच्या छातीवर लावली. मग काट्यावर नजर ठेवून तीन श्वास. काटा हलला नाही. दोन हातांच्या आत राहायचं, चुकामूक झाली तर एक मिनिट शोधून वर यायचं. झालं.

मास्तर उतरले. बोट गेली. ते खोलीत गेले नाहीत, धक्क्यावरच उभे राहिले. मालकीणबाई येऊन वाट्टेल ते बोलली, उद्यापासून येऊ नका म्हणाली. तासाभराने बोट दिसली तेव्हा त्यांनी डोकी मोजली. दाढीवाला होता. त्याच्या शेजारी ती होती. मग मास्तर दोर बांधायच्या खुंटावर बसले.

पुतणी रिकामी टाकी स्वतः उचलून त्यांच्यापर्यंत आली आणि ती तिने त्यांच्या पायाशी ठेवली. डोळे लाल होते. खाऱ्या पाण्याने असतील.

"आज संध्याकाळी आईकडे जा," ती म्हणाली. काका म्हणाली नाही. "सगळं सांगा. आणि हेही सांगा, तपासणीला मी घड्याळ लावलं होतं. दहा नाही, सहा मिनिटं लागली."